पावसाळ्यापूर्वी टायरची निवड आणि वाहनमालकाची कायदेशीर जबाबदारी : एक अभ्यास



वार्षिक अहवालात जमाखर्च, रुग्णसेवेचा आढावा आणि देणगीदारांची नामावली यांच्या जोडीला एखादा अभ्यासलेख द्यावा, असा आपल्या संस्थेचा परिपाठ आहे. सर्पदंश, मधुमेह, पावसाळ्यातील लेप्टोस्पायरोसिस अशा विषयांवर या पानांतून यापूर्वी लिहिले गेले. यंदा आम्ही मोटारीच्या टायरचा विषय घेतला आहे. रुग्णालयाच्या अहवालात टायरचे काय काम, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे अर्धे उत्तर पनवेलच्या भूगोलात आहे. उरलेले अर्धे आमच्याच एका चुकीत आहे, आणि ती चूक आपणांसमोर मांडणे आम्ही कर्तव्य समजतो.

भूगोल सर्वांच्या परिचयाचा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून सुरू होतो. जुना पुणे रस्ता पनवेलवरूनच खोपोलीकडे जातो. गोव्याचा महामार्ग, पूर्वीचा क्रमांक १७ आणि आताचा ६६, पळस्प्याला फुटतो. शीव-पनवेल रस्त्यावर दिवसरात्र रहदारी असते आणि जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणारे कंटेनर याच भागातून वळतात. एवढ्या रस्त्यांच्या बेचक्यात वसलेल्या गावातील रुग्णालयाला अपघात हा विषय टाळता येत नाही. जूनचा पहिला पाऊस पडला की आमच्या अपघात विभागातील परिचारिका कापसाचे व प्लास्टरचे साहित्य आधीच मोजून ठेवतात. हे त्यांना कोणी शिकवलेले नाही.

आता चुकीविषयी.

काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात, संध्याकाळच्या सुमारास, तालुक्यातील एका गावच्या वृद्ध आजींना छातीत दुखत असल्याने आमच्याकडे आणण्यात आले. प्राथमिक उपचारांनंतर त्यांना हृदयरोगाच्या विशेष रुग्णालयात हलवणे आवश्यक ठरले. आमच्या रुग्णवाहिकेत आजी, त्यांचा मुलगा, एक डॉक्टर आणि परिचारिका असे चौघे होते. शीव-पनवेल रस्त्यावर पुढील वाहन अचानक थांबले. चालकाने ब्रेक लावला, परंतु गाडी पाण्यावरून तशीच सरकत जाऊन दुभाजकाला घासली. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. दुसरी रुग्णवाहिका येईपर्यंत मात्र अर्ध्या तासाहून अधिक काळ गेला. हृदयविकाराच्या रुग्णासाठी तो काळ किती मोठा असतो, हे आमच्याइतके कोणाला ठाऊक असणार? आजी वाचल्या. त्याचे श्रेय त्यांच्या प्रकृतीला आणि आतील डॉक्टरांना आहे, आम्हांला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा कार्यालयात आला. तो भांडायला आला नव्हता. त्याने एवढेच विचारले, "साहेब, गाडीचे टायर कोणी बघितले होते का?" आम्ही वाहनाची नोंदवही उघडली. तीत आमच्या चालकाने मार्च महिन्यात लिहिले होते : मागचे दोन्ही टायर गोटा झाले आहेत, बदलावे लागतील. मे महिन्यात त्याने तेच पुन्हा लिहिले होते आणि खाली सही केली होती. मार्चअखेर असल्याने खर्च पुढील वर्षात टाकावा, असे आमच्यापैकीच कोणीतरी म्हणाले होते. पुढील वर्ष लागल्यावर दरपत्रके मागवली गेली आणि ती फाइलमध्ये राहिली. रुग्णवाहिका धावत राहिली.

चालकाला आम्ही दोष देऊ शकत नव्हतो. त्याने जे करायचे ते दोनदा केले होते. त्या दिवशी कोणी दगावले असते, तर ती नोंदवही न्यायालयात आमच्याविरुद्धचा सर्वांत बळकट पुरावा ठरली असती. या जाणिवेतूनच आम्ही टायर आणि कायदा या दोन्हींचा थोडा अभ्यास केला. तोच पुढे देत आहोत.

टायर फुटणे ही दैवी घटना नव्हे

आपल्याकडे अपघाताची हकीकत सांगताना "टायर फुटला, त्याला कोण काय करणार" असे म्हणण्याची रीत आहे. या म्हणण्याची कसोटी मुंबई उच्च न्यायालयात लागली, आणि तीही आपल्याच रस्त्यावरील प्रवाशांच्या बाबतीत. २५ ऑक्टोबर २०१० रोजी पुण्याहून मुंबईकडे निघालेली एक मोटार मागील चाक फुटल्याने खोल खड्ड्यात कोसळली. सहकाऱ्याच्या मोटारीतून प्रवास करणारे ३८ वर्षांचे एक गृहस्थ जागीच मरण पावले. मागे पत्नी, लहान मुलगी आणि वृद्ध आईवडील राहिले. पुण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये कुटुंबाला सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. विमा कंपनी अपिलात गेली. तिचे म्हणणे असे की टायर फुटणे ही ईश्वरी घटना, इंग्रजी कायद्याच्या भाषेत ॲक्ट ऑफ गॉड आहे, चालकाचा निष्काळजीपणा नव्हे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने हे अपील फेटाळले. न्यायालयाचा विचार सामान्य माणसालाही पटेल असा आहे. ईश्वरी घटना म्हणजे मनुष्याचा हात नसलेला, आधी कल्पना करता न येणारा निसर्गाचा प्रकोप. टायर काही आपल्याआप फुटत नाही. अतिवेग, हवा कमी किंवा जास्त असणे, वापरलेले जुने टायर घालणे, तापमान अशी त्याची कारणे असतात, आणि प्रवासाला निघण्यापूर्वी टायरची स्थिती पाहणे हे चालकाचे किंवा मालकाचे काम आहे. टायर फुटला एवढे सांगून जबाबदारीतून सुटता येणार नाही, असा या निकालाचा अर्थ होतो.

हा विचार नवा नाही. १९७७ साली मुंबईतीलच एका अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यांत्रिक बिघाडाच्या बचावाविषयी नियम घालून दिला होता. बिघाडाचे कारण पुढे करणाऱ्या मालकाने तो दोष छुपा होता आणि वाजवी काळजी घेऊनही तो सापडला नसता, हे स्वतः सिद्ध करावयाचे असते. गोटा झालेला टायर हा छुपा दोष कसा म्हणावा? तो तर वाकून पाहिले की दिसतो. आमच्या बाबतीत तर तो वहीत लिहिलेला होता.

लिखित कायदा काय सांगतो तेही पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ टायरच्या स्थितीविषयी आहे. मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असली पाहिजे. दुचाकी व तीनचाकीसाठी ही मर्यादा ०.८ मिलिमीटर आहे. झिजून किंवा कापले जाऊन आतील कापड उघडे पडलेला, कोठे फुगा आलेला किंवा बाहेरून ठिगळ लावलेला टायर या नियमानुसार सुस्थितीत मानला जात नाही.

नियम मोडल्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १९० लागू पडते. या कलमाच्या शब्दांकडे विश्वस्त मंडळांनी आणि कुटुंबप्रमुखांनी विशेष लक्ष द्यावे, असे आम्हांस वाटते. सदोष वाहन चालवणाऱ्याबरोबरच ते चालवावयास लावणारा किंवा चालवू देणाराही त्यात येतो. दोष त्याला ठाऊक असला पाहिजे असेही नाही. साधी काळजी घेतली असती तर तो कळला असता, एवढे पुरे होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर यासाठी १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. त्या दोषामुळे अपघात होऊन कोणाला इजा झाली किंवा मालमत्तेचे नुकसान झाले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ आहे. पूर्वीच्या दंड संहितेत या गुन्ह्याला कमाल दोन वर्षांची शिक्षा होती. आता ती पाच वर्षांपर्यंत आहे.

विम्याच्या बाबतीत दोन गोष्टींची गल्लत होते. रस्त्यावरील त्रयस्थ व्यक्तीला द्यावयाच्या भरपाईतून अंग काढून घेण्याची कारणे विमा कंपनीला कायद्याने मोजकीच दिली आहेत आणि टायरची झीज त्यांत नाही. त्यामुळे जखमीचे कुटुंब सहसा वाऱ्यावर सुटत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे मात्र तसे नाही. वाहन सुस्थितीत ठेवण्याची वाजवी काळजी मालकाने घ्यावी, अशी अट पॉलिसीतच छापलेली असते, आणि टायर गोटा आढळले की दाव्याच्या वेळी त्या अटीवर बोट ठेवले जाऊ शकते. शिवाय नेहमीच्या पॉलिसीत नुसता टायर फुटल्याची भरपाई मिळत नाही. त्याच अपघातात गाडीचेही नुकसान झाले असेल तरच, आणि तेही नव्या टायरच्या निम्म्या किमतीपर्यंत, ती मिळते.

यावर एखादे सुज्ञ वाचक म्हणतील की सरकारी तपासणी असतेच ना? खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्या काळात तिचे टायर कोणत्याही कार्यालयात दाखवावे लागत नाहीत. पीयूसी केंद्र केवळ धूर पाहते. म्हणजे पंधरा वर्षे तपासनीस आपणच असतो. समृद्धी महामार्गावर २०२३ साली परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर पाहण्याची मोहीम काढली तेव्हा अनेकांना नवल वाटले. आम्हांला ते नवल वाटणेच चिंताजनक वाटले.

पाणी, उष्णता आणि रबर

एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग सुमारे तळहाताएवढा असतो. चार तळहातांवर मोटार, माणसे आणि सामान तोललेले असते. पावसात टायरपुढे पाणी साचते, आणि ते बाजूला फेकण्यासाठीच नक्षीचे चर असतात. चर उथळ झाले की पाण्याला वाट मिळत नाही. एका विशिष्ट वेगाला पाण्याचा थर टायरला रस्त्यावरून उचलतो. तेव्हा स्टीअरिंग एकदम हलके लागते आणि ब्रेकला रस्ताच सापडत नाही. आमच्या रुग्णवाहिकेचे नेमके हेच झाले असावे.

हा वेग किती असतो? अमेरिकेतील नासा संस्थेने १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांवर प्रयोग करून एक ढोबळ सूत्र काढले आहे. गुळगुळीत टायर आणि पुरेसे साचलेले पाणी धरले, तर ३२ पीएसआय दाबाला, म्हणजे पेट्रोल पंपावरच्या भाषेत 'हवा ३२' असताना, हा वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो. हवा २५ वर उतरली की तो सुमारे ८३ वर येतो. मोटारीच्या टायरला हे गणित तंतोतंत लागू होणार नाही. परंतु त्यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. हवा कमी असणे पावसात अधिक धोक्याचे आहे, आणि धोका ज्या वेगाला सुरू होतो तो द्रुतगती मार्गावरील अगदी रोजचा वेग आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे 'थोडेसे सरकले' या शब्दांचा अर्थ कळतो.

म्हणूनच कायद्याची १.६ मिलिमीटरची मर्यादा ही कोकणच्या पावसासाठी पुरेशी आहे असे आम्ही मानत नाही. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर असते. ती तीनवर आली की पावसाळ्यापूर्वी टायर बदलावेत, असे आमचे मत आहे आणि जगभरातील अनेक जाणकारही हेच सांगतात. टायरच्या चरांत ठरावीक अंतरावर रबराचे लहान उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली की १.६ ची मर्यादा संपली असे समजावे. खोली मोजण्याचे साधे माप स्वस्तात मिळते. एक माप चार शेजाऱ्यांत पुरते.

उन्हाळ्याचा धोका वेगळा. येथे एक गैरसमज इतका रुजला आहे की सुशिक्षित माणसेही तो उगाळतात. उन्हाळ्यात हवा तापून फुगते, म्हणून चार-पाच पॉइंट कमी ठेवावी, असा तो समज. प्रत्यक्षात कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला अधिक दबतो आणि उलगडतो. त्या घुसळणीने त्याच्या आत उष्णता वाढत जाते, थरांची पकड सुटते आणि टायर फाटतो. मे महिन्यात भर दुपारी काँक्रीटच्या रस्त्यावर पाच माणसे आणि सामान घेऊन बोरघाट चढणाऱ्या गाडीत हवा कमी ठेवणे म्हणजे संकटाला बोलावणे होय. गाडीच्या दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत दिलेला दाब, टायर थंड असताना, सकाळी निघण्यापूर्वी भरावा. पूर्ण भार असेल तर त्यासाठी वेगळा आकडा दिलेला असतो. वाटेत तापलेल्या टायरमधील दाब काही अंशांनी वाढलेला दिसेल. तो वाढ धरूनच ठरवलेला असतो, तेव्हा हवा सोडू नये. नायट्रोजनबद्दल आम्हांला वारंवार विचारले जाते. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तो भरल्याने गळती थोडी हळू होते, पण दर पंधरा दिवसांनी दाब पाहण्याचे काम त्याने सुटत नाही.

हिवाळी टायरचा प्रश्न आपल्याकडे येत नाही, परंतु परदेशस्थ मुलांच्या आईवडिलांना त्याचे कुतूहल असते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत हिवाळी टायर सक्तीचे आहेत. जर्मनीत तारखांची सक्ती नाही. रस्त्यावर बर्फ किंवा हिम असेल तेव्हा ते असलेच पाहिजेत, आणि ऑक्टोबर २०२४ पासून डोंगर व हिमकणाचे चिन्ह असलेले टायरच त्यासाठी ग्राह्य आहेत. तेथेही २०१७ पासून चालकाबरोबर, गाडी तशीच नेऊ देणाऱ्या मालकालाही दंड आहे. आपल्या कलम १९० शी हे जुळते. हे मऊ रबर सुमारे सात अंशांखालील थंडीसाठी असते. पनवेलच्या उन्हात ते लवकर झिजते. तेव्हा कोणी हौसेने तसले टायर घेण्याचा सल्ला दिला तर तो मानू नये. आपला कडक ऋतू पावसाळा आहे, आणि आपली निवड ओल्या रस्त्यावरील पकड पाहून व्हावी. केंद्र सरकारने २०२२ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार नव्या टायरना ओल्या रस्त्यावरील पकडीची कसोटी घालून दिलेली आहे. दुकानदाराला त्याविषयी विचारण्याचा आपणांस अधिकार आहे.

टायर विकत घेताना

टायरच्या बाजूवर जो मजकूर कोरलेला असतो तो वाचता आला की निम्मे काम होते. उदाहरणार्थ १८५/६५ आर १५ ८८ एच. रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रेडियल बांधणी, रिम १५ इंची. ८८ हा भाराचा क्रमांक आहे, म्हणजे एका टायरवर ५६० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत चाललेला. भाराचा क्रमांक आणि वेगाचे अक्षर कंपनीने सांगितल्यापेक्षा खालचे कधीही घेऊ नये. रुग्णवाहिकेसाठी आलेल्या दरपत्रकांपैकी सर्वांत स्वस्त दरपत्रकातील टायरचा भारक्रमांक कमी होता, हे आम्हांला उशिरा कळले. माप तेच असल्याने फिटिंग बिनबोभाट झाले असते. ऑक्सिजनचे सिलिंडर, स्ट्रेचर आणि सात-आठ माणसे यांचा भार मात्र त्याने वाहिला नसता. आयएसआय चिन्ह तर पाहावेच.

त्याच मजकुरात चार आकडी संख्या असते. २३१९ असे असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. रबर वापरले नाही तरी वयाने कडक होते. पनवेलमध्ये अशी कितीतरी घरे आहेत की मुले परदेशी आणि मोटार सोसायटीच्या आवारात महिनोन्महिने उभी. तिच्या टायरवर नक्षी भरपूर दिसते, म्हणून आजोबा निश्चिंत असतात आणि एके दिवशी तीच गाडी घेऊन कुलदैवताला निघतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून टायर पाहून घ्यावेत आणि दहा वर्षांचे झाले की नक्षी कितीही असो, काढून टाकावेत. बाजूला फुगा किंवा चीर असेल तर एक दिवसही थांबू नये. पंक्चर नक्षीच्या भागात असेल तर नीट दुरुस्त होते. बाजूच्या भिंतीला पडलेले भोक दुरुस्त करून देणाऱ्याचे उपकार मानू नयेत.

दोनच टायर घेणे परवडत असेल तर नवे कोठे घालावेत? पुष्कळ जण पुढे घालतात, कारण स्टीअरिंग तेथे असते. पण पावसात मागील चाकांची पकड सुटली तर गाडी गरकन फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही. म्हणून चांगले टायर मागे घालावेत, असे टायर बनवणारेच सांगतात. रिमोल्ड केलेले टायर ट्रक-बसच्या धंद्यात रीतसर वापरले जातात. घरच्या मोटारीसाठी ते किंवा कोणाचे तरी उतरवलेले जुने टायर घेऊ नयेत.

वाटेत चाक बसले तर

५ जून २०१६ ची पहाट पनवेलकर विसरलेले नाहीत. द्रुतगती मार्गावर शेडुंगजवळ चाकाच्या बिघाडामुळे एक मोटार कडेला थांबली होती. तिच्या मदतीला दुसरी मोटार थांबली. साताऱ्याकडून येणारी खाजगी बस त्या दोन्ही गाड्यांवर आदळून खाली खड्ड्यात गेली. १७ माणसे गेली. मदत करायला थांबणे हा गुन्हा नव्हे, आणि टायर बसणे हाही नव्हे. परंतु द्रुतगती मार्गाच्या कडेची पट्टी ही चाक बदलण्याची सुरक्षित जागा नाही, हे त्या पहाटेने दाखवून दिले. शक्य असेल तर गाडी सावकाश पुढे न्यावी. रिम खराब झाली तरी चालेल, ती विकत मिळते. थांबावेच लागले तर धोक्याचे दिवे लावावेत, लाल त्रिकोण बराच मागे ठेवावा, आणि सर्वांनी कठड्यापलीकडे जाऊन उभे राहावे. स्टेपनी लावण्याचे काम गस्तीच्या पथकावर सोपवावे. त्या स्टेपनीतही हवा असावी लागते, हे सांगायला नको. पण आमच्या अनुभवात ते सांगावे लागते.

अपघात झालाच तर जखमीला जवळच्या रुग्णालयात नेणाऱ्याने पोलिसी चौकशीची धास्ती बाळगू नये. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४ अ ने अशा मदतकर्त्याला संरक्षण दिले आहे. त्याने नाव सांगण्याचीही सक्ती नाही. मे २०२५ पासून केंद्र सरकारच्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयांत अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. नातेवाइकांनी दाखल करतानाच याची चौकशी करावी.

आमच्याकडे काय बदलले

त्या जुलैनंतर विश्वस्त मंडळाने तीन निर्णय केले. रुग्णवाहिकांच्या टायरचा खर्च औषधे आणि ऑक्सिजन यांच्याप्रमाणे अत्यावश्यक खर्चात धरला जातो. त्यासाठी मार्चअखेरीची वाट पाहिली जात नाही आणि दरपत्रकांच्या फेऱ्या होत नाहीत. दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सर्व वाहनांच्या टायरची नक्षी मोजली जाते आणि तीन मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर पाऊस लागण्यापूर्वी बदलला जातो. तिसरा निर्णय चालकांविषयीचा आहे. वाहन रस्त्यावर नेण्यास योग्य नाही असे चालकाने लिहून दिले, तर ते बाहेर काढण्याचा हुकूम कोणीही, अध्यक्षांनीही, देऊ नये. पर्यायी वाहन मागवावे. मागील पावसाळ्यात एका चालकाने हा अधिकार वापरला तेव्हा एका ज्येष्ठ विश्वस्तांना रिक्षाने घरी जावे लागले. त्यांनी कुरकूर केली नाही, हे येथे नोंदवले पाहिजे.

नव्या टायरसाठी गेल्या वर्षी एका देणगीदारांनी निधी दिला. वाहनावर नाव घालू का, असे विचारले असता ते हसून म्हणाले, "टायरवर नाव काय घालता, चिखलच बसायचा." त्यांच्या इच्छेनुसार नाव दिलेले नाही.

नोंदवही आता कार्यालयात नसते. अपघात विभागाच्या दाराशी, रुग्णवाहिका उभी राहते तेथे, ती टांगलेली आहे. प्रत्येक चाकाची नक्षी, हवा, तयार झाल्याचा आठवडा आणि मोजणाऱ्याची सही तीत असते. रुग्णाच्या नातेवाइकांपैकी कोणीही ती उघडून पाहू शकतो. आजींचा मुलगा अधूनमधून औषधे नेण्यासाठी येतो. तो ती वही चाळतो, आणि मग वाकून मागचे चाकही पाहतो.